घरच्या पीसीला कस्टम वॉटर कूलिंग: पुण्यात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या डायनिंग टेबलाची वाटणी झाली होती. अर्ध्यावर आईचं चिवड्याचं पातेलं, अर्ध्यावर माझा उघडा पडलेला कॉम्प्युटर. मी घरात सांगितलं होतं दोन दिवस, लागले नऊ. त्यातले निदान सहा दिवस मी स्वतःच केलेल्या चुका निस्तरण्यात गेले. तुमचे ते सहा दिवस वाचावेत म्हणून हे लिहितोय.

माझं मशीन रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड असं आहे. तुमचं वेगळं असेल, पण कामाचा क्रम हाच राहील.

## १. आधी अपेक्षा ठरवा

पाण्याने कॉम्प्युटर 'थंडगार' होतो असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. पाणी फक्त प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाची उष्णता रेडिएटरपर्यंत वाहून नेतं, आणि रेडिएटर ती खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे पाण्याचं तापमान खोलीच्या खाली जाऊच शकत नाही. पूर्ण लोडवर ते खोलीपेक्षा १० अंशांनी जास्त राहिलं तरी लूप, म्हणजे पाणी फिरवणारी ही सगळी जोडणी, उत्तम चाललाय असं समजा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी पुण्यात बाहेर ३८-४० असतं आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत सहज ३५. म्हणजे पाणी ४५-४६. माझं ग्राफिक्स कार्ड पूर्वी ८०च्या वर जायचं, आता मेमध्येसुद्धा ६०च्या आसपास राहतं आणि पंख्यांचा आवाज जवळजवळ गेला. खरा फायदा या शांततेचा आहे. खोली मात्र पूर्वीइतकीच तापते, कारण तेवढेच वॉट खोलीत पडतात. एसीचं बिल कमी होईल म्हणून हे करत असाल तर थांबा.

पावसाळ्यात नळ्यांवर दव धरेल का, असं मला तीन जणांनी विचारलं. नाही धरणार. दव धरायला वस्तू भोवतालच्या हवेपेक्षा थंड लागते, आणि आपलं पाणी तसं कधीच नसतं.

फक्त प्रोसेसरच गार ठेवायचा असेल तर बंद, तयार एआयओ कूलर घ्या आणि हा लेख इथेच सोडा. कस्टम लूपला अर्थ येतो तो ग्राफिक्स कार्डही त्यात घेतल्यावर. माझे एकूण ६० हजारांच्या आसपास गेले, त्यात चुकांची किंमतही आली.

## २. मापं आणि कागद

खरेदीच्या आधी एक फोल्डर करा. त्यात हे हवं:

- कॅबिनेटचं मॅन्युअल: वर, पुढे, खाली किती मिलिमीटरचा रेडिएटर बसतो आणि पंख्यासह किती जाडी चालते
- ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण मॉडेल नाव, मागच्या स्टिकरचा फोटो आणि मूळ बिल
- मदरबोर्डचा सॉकेट आणि फॅन हेडरांचा, म्हणजे पंख्यांच्या वायरी लावायच्या जागांचा, नकाशा
- एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, किती वॉटचा आहे
- परदेशातून काही मागवणार असाल तर आधार किंवा पॅन. कुरिअरवाले कस्टम्ससाठी केवायसी मागतात, आणि ऑर्डरवरचं नाव ओळखपत्राप्रमाणे नसेल तर पार्सल अडकतं.

ग्राफिक्स कार्डाबाबत घाई करू नका. चिपवर बसून तिची उष्णता पाण्यात सोडणारा धातूचा ठोकळा म्हणजे ब्लॉक. '३०८०चा ब्लॉक' अशी वस्तू नसते. एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या बोर्डांवर बनवतात, आणि ब्लॉक हा त्या बोर्डासाठी कोरलेला असतो. ब्लॉक बनवणाऱ्याच्या यादीत तुमचं नेमकं मॉडेल दिसलं तरच पैसे भरा.

दुसरं, मूळ हीटसिंक काढल्यावर वॉरंटी राहते का, हे विक्रेत्याला ईमेलवर विचारा. फोनवर 'काही प्रॉब्लेम नाही सर' असं सगळेच म्हणतात. काढलेला हीटसिंक, त्याचे स्क्रू आणि खोकं जपून ठेवा. कार्ड विकताना लागतं.

## ३. काय घ्यायचं आणि कुठून

लूपचे मुख्य भाग: प्रोसेसर ब्लॉक, ग्राफिक्स ब्लॉक, रेडिएटर, पंखे, पंप, पाण्याची टाकी म्हणजे रिझर्व्हॉयर, नळ्या, फिटिंग्ज, कूलंट.

रेडिएटरची मापं १२० किंवा १४० मिमी पंख्याच्या पटीत असतात. ३६० म्हणजे १२०चे तीन पंखे. माझी ३०८० ३२० वॉट घेते आणि प्रोसेसर १४०च्या घरात. याला मी एक ३६० आणि एक २४० लावला. एकट्या ३६०वर चालतं, पण मग पंखे जोरात पळवावे लागतात आणि शांतता गेली की सगळा खटाटोप कशासाठी? पुण्याच्या उन्हाळ्याचा विचार करून जागा आहे तेवढा रेडिएटर लावा.

पंप डी५ प्रकारचा घ्या. टाकी आणि पंप एकत्र असलेला कॉम्बो मिळतो, नवख्याला तोच सोयीचा.

नळ्यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वेळी मऊ नळी, तीही काळी ईपीडीएम रबराची. काचेसारख्या कडक नळ्या फोटोत देखण्या दिसतात, पण त्या हीट गनने तापवून वाकवायला शिकावं लागतं, आणि त्यातली पीईटीजी प्लॅस्टिकची नळी तापलेल्या पाण्यात मऊ पडू शकते. पंप बंद पडल्याचं वेळेत कळलं नाही तर ते महागात पडतं.

आता सगळ्यात जास्त लोक जिथे अडकतात ती गोष्ट. नळीला दोन मापं असतात, आतला व्यास आणि बाहेरचा. १०/१३ आणि १०/१६ या दोन्हींचा आतला व्यास १० मिमीच, पण कॉम्प्रेशन फिटिंगची रिंग बाहेरच्या व्यासावर आवळते. मी १०/१६ नळी आणि १०/१३ फिटिंग्ज मागवल्या. दहाच्या दहा परत पाठवल्या, आठवडा गेला. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. फिटिंगचे आटे मात्र जवळजवळ सगळीकडे एकाच मापाचे असतात, जी वन-फोर्थ (G1/4).

ब्लॉक, पंप, रेडिएटर ऑनलाइनच घ्यावे लागतात. अल्फाकूल, ईके, बॅरो, बायक्स्की ही नावं दिसतील. बाकीचं पेठांत मिळतं. पाइप कटर, एलन कीचा सेट, नरसाळं, पाणी भरायची प्लॅस्टिकची पिचकारी बाटली यासाठी रविवार पेठेतली बोहरी आळी. आयसोप्रोपिल अल्कोहोल, थर्मल पेस्ट, कनेक्टर, वायरी यासाठी तपकीर गल्ली. गाडी लांब लावा आणि चालत जा, एवढं पुणेकराला सांगायला नको.

याशिवाय एक टीडीएस मीटर घ्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा. काही शे रुपयांना मिळतो.

## ४. धातू जुळवा

लूपमध्ये तांबं, पितळ आणि निकेल चालतं. ॲल्युमिनियम नको. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात आले की ॲल्युमिनियम गंजायला लागतं आणि त्याचा चिखल ब्लॉकच्या बारीक खाचांत जाऊन बसतो. स्वस्तातला रेडिएटर कशाचा आहे हे लिहिलेलं नसेल तर तो ॲल्युमिनियमचा आहे असंच धरून चाला.

## ५. रेडिएटर धुवा

नवा रेडिएटर आतून स्वच्छ नसतो. झाळकामाचं फ्लक्स आणि धातूचा चुरा आत राहिलेला असतो. गरम पाणी अर्ध्यापर्यंत भरा, दोन्ही तोंडं बंद करा, पाच मिनिटं हलवा आणि पांढऱ्या भांड्यात ओता. असं पाणी निर्मळ येईपर्यंत करा. माझ्या ३६०ला सात वेळा लागलं आणि दुसऱ्या वेळचं पाणी चहासारखं होतं. शेवटच्या दोन फेऱ्या डीएम, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्याच्या.

## ६. ब्लॉक बसवणं

प्रोसेसर ब्लॉकला 'इन' आणि 'आउट' अशी दोन तोंडं असतात. 'इन'मधून आलेलं पाणी आतल्या खाचांवर थेट पडावं अशी रचना असते, म्हणून उलटं जोडू नका. स्क्रू कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा.

ग्राफिक्स कार्ड उघडताना पंख्यांच्या वायरी ओढू नका, कनेक्टर नखाने हलकेच सोडवा. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. मग थर्मल पॅड, म्हणजे उष्णता ब्लॉकपर्यंत नेणाऱ्या मऊ पट्ट्या. ब्लॉकच्या पत्रकात कुठे १ मिमी, कुठे १.५ मिमी असं दिलेलं असतं. तो अर्धा मिलिमीटर गंमत म्हणून नाही. जाड पॅड लावला तर ब्लॉक चिपवर टेकत नाही, पातळ लावला तर मेमरी उघडी राहते. ३०८०ची मेमरी आधीच तापट आहे. पॅडच्या दोन्ही बाजूंचं प्लॅस्टिक काढलंय ना, हे बोटाने चाचपून बघा.

फिटिंग लावताना मी एक शहाणपणा केला. आमच्या सोसायटीचे प्लंबर काका आले होते, त्यांना सहज फिटिंग दाखवली. "टेफलॉन गुंडाळा दोन वेढे, थेंब गळणार नाही," ते म्हणाले. चाळीस वर्षांचा अनुभव, मी गुंडाळला. घरच्या नळाला ते बरोबरच आहे, कारण तिथले आटे निमुळते असतात आणि आट्यांतच पाणी अडवावं लागतं. आपले जी वन-फोर्थ आटे सरळ असतात आणि पाणी अडवायचं काम मुळाशी असलेली रबरी ओ-रिंग करते. टेफलॉनचा उपयोग शून्य, आणि त्याचे धागे सुटून ब्लॉकच्या खाचांत अडकतात. मी प्रोसेसर ब्लॉक पुन्हा उघडून भिंगाखाली चिमट्याने ते वेचले. एक संध्याकाळ.

फिटिंग हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा आणि मग अगदी थोडी आणखी. पान्याने पिळलंत तर ॲक्रिलिकला तडा जातो.

## ७. रेडिएटर कॅबिनेटमध्ये बसवणं

हे काम पाच मिनिटांचं आहे आणि माझा सगळ्यात मोठा घोटाळा इथेच झाला.

रेडिएटरसोबत दोन लांबीचे स्क्रू येतात. लांब पंख्यासाठी, आखूड कॅबिनेटच्या पत्र्यासाठी. पंखा २५ मिमी जाड, म्हणून ३० मिमीचा स्क्रू. तोच स्क्रू नुसत्या पत्र्यातून घातला तर उरलेलं टोक सरळ रेडिएटरच्या पाण्याच्या नळीत घुसतं. काही रेडिएटरांना भोकांखाली संरक्षक पट्टी असते, सगळ्यांना नसते. रात्री साडेअकराला एक स्क्रू जरा जड गेला, मी जोर लावला. तेव्हा काहीच कळलं नाही.

म्हणून बसवायच्या आधी प्रत्येक स्क्रू बाहेरच धरून बघा. पत्रा किंवा पंखा वजा केल्यावर रेडिएटरच्या आत ३-४ मिमीपेक्षा जास्त जाता कामा नये. जड गेला तर थांबा.

आमच्या रस्त्यावर दोन वर्षं बांधकाम चालू आहे, त्यामुळे हवा आत येते त्या बाजूला जाळीचा फिल्टर लावलाय. तुमच्याकडेही लागेल.

## ८. नळ्या जोडणं

कोणता भाग आधी, कोणता नंतर, यावर लोक तावातावाने भांडतात. मिनिटाला ३ लिटर पाणी फिरत असेल तर ३०० वॉटच्या कार्डातून बाहेर पडताना ते जेमतेम दीड अंशाने तापतं. त्यामुळे नळी आखूड आणि वळण सोपं होईल तसा क्रम लावा. नियम एकच: पंपाच्या लगेच आधी टाकी, आणि टाकीतलं पाणी पंपाच्या वर. पंप कोरडा फिरला की संपला.

नळी काटकोनात कापा, तिरकी नको. मापापेक्षा सेंटिमीटरभर जास्तच ठेवा, कमी करता येते. टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवलं की फिटिंगवर सहज चढतं.

सगळ्यात खालच्या जागी टी-फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह लावा, पाणी काढण्यासाठी. पाच-सातशे रुपये वाचवायला मी तो गाळला होता. पहिल्यांदा पाणी काढताना अख्खं कॅबिनेट बाथरूममध्ये उलटं धरावं लागलं. बायकोने त्याचा व्हिडिओ काढलाय.

## ९. हवेची चाचणी

पाणी भरायच्या आधी हवा भरून बघा. यासाठी तयार टेस्टर मिळतो. माझ्याकडे नव्हता, पण बाबांचं जुनं बीपीचं यंत्र होतं, हातात धरायचं, डायल आणि फुगा एकत्र असलेलं. त्याची नळी एका बारीक बार्ब फिटिंगवर चढवली, बाकी तोंडं बंद केली आणि फुगा दाबला. डायलवरचे ३०० म्हणजे साधारण ०.४ बार होतात, चाचणीला पुरेसे. ०.५ बारच्या वर जाऊ नका, आणि सायकलचा किंवा गाडीचा पंप तर अजिबात लावू नका.

काटा १५ मिनिटं जागचा हलला नाही तर पास. माझा काटा डोळ्यांदेखत ३००वरून १८०वर आला. साबणाचं पाणी लावत गेलो, तर सगळ्या फिटिंग्ज ठणठणीत. बुडबुडे आले ते रेडिएटरच्या कोपऱ्यातून, त्या साडेअकराच्या स्क्रूखालून.

नवा मागवायला दहा दिवस लागणार होते. म्हणून रेडिएटर पिशवीत घालून नाना पेठेत गेलो, गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे. त्यांनी उलटसुलट करून पाहिला.

"कुठल्या गाडीचा हा?"

"गाडीचा नाही, कॉम्प्युटरचा."

"एवढा तापतो कॉम्प्युटर? करता काय त्याच्यावर?"

गेम खेळतो असं सांगायची हिंमत झाली नाही, ऑफिसचं काम म्हणालो. त्यांनी रंग खरवडला, तांबं उघडं केलं, वीस मिनिटांत झाळ दिला आणि पाण्याच्या टबात बुडवून हवा मारून दाखवली. तो झाळ आजतागायत टिकलाय. ॲल्युमिनियमचा रेडिएटर असता तर असा साधा झाळ त्याला धरलाच नसता.

## १०. कोणतं पाणी?

नळाचं नको, फिल्टरचंही नको. टीडीएस मीटरने मी घरात मोजलं: नळाचं ९०च्या आसपास, मे महिन्यातल्या टँकरचं ४००च्या वर, आरओचं ४०. डीएम पाण्याचं १. हेच डीएम पाणी गाड्यांच्या बॅटरीत टाकतात आणि पाच लिटरच्या सीलबंद कॅनमध्ये कुठेही मिळतं. लेबल वाचून घ्या, बॅटरीचं ॲसिड वेगळं असतं. कॅन उघडल्यावर मीटर बुडवून बघा, आकडा ५च्या आत हवा.

नुसतं डीएम पाणी मात्र फार दिवस ठेवू नका, शेवाळ धरतं आणि धातूलाही संरक्षण मिळत नाही. पहिली धुलाई आणि चाचणी डीएम पाण्याने करा, मग पीसी कूलिंगसाठीच बनवलेलं पारदर्शक कूलंट भरा. दुधाळ, चमचमत्या रंगाचं कूलंट घेऊ नका. त्यातले कण खाली बसतात आणि ब्लॉक तुंबवतात.

## ११. भरणं आणि चोवीस तास

१. एसएमपीएसच्या मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाला जाणाऱ्या सगळ्या वायरी काढा. वीज फक्त पंपाला.

२. २४ पिनच्या कनेक्टरला जंपर प्लग लावा. हिरवी आणि काळी वायर तारेने जोडूनही एसएमपीएस सुरू होतो, पण हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात आणि अंदाज चुकला तर महागात जातं. प्लग स्वस्त आहे.

३. प्रत्येक फिटिंगखाली टिश्यू पेपर ठेवा. पांढराच, थेंब लगेच दिसतो.

४. टाकी भरा, पंप दोन-तीन सेकंद चालवा, बंद करा, पुन्हा भरा. टाकी रिकामी व्हायच्या आत हात स्विचवर हवा.

५. पाणी खेळायला लागलं की कॅबिनेट पुढे-मागे, डावी-उजवीकडे हळूच कलवा. अडकलेली हवा गुळगुळ करत टाकीत येते.

६. असंच चोवीस तास चालू ठेवा.

हे गुरुवारी सुरू करू नका. महावितरणची देखभाल नेमकी त्या दिवशी निघते, आणि महापालिकेचं पाणीही बऱ्याचदा गुरुवारीच बंद असतं, हात धुवायची पंचाईत.

मुख्य मशीनवर पाणी गळलं तर आधी भिंतीवरचं बटण बंद. पुसा, अल्कोहोलने धुवा, दोन दिवस वाळू द्या. 'चालतंय का बघू' म्हणून लगेच चालू केलं की वाचलेला बोर्डही जातो.

## १२. वायरी जोडताना

डी५ पंपाची वीज थेट एसएमपीएसमधून घ्या. मदरबोर्डचा साधा फॅन हेडर बहुधा १ अँपिअरचा असतो, पंप त्याच्या दुप्पट खेचू शकतो. वेगाची बारीक वायर मात्र सीपीयू फॅन हेडरला लावा, नाहीतर दर वेळी मशीन सुरू करताना 'फॅन एरर' येऊन अडतं.

थोडे पैसे जास्त घालून पाण्याचा तापमान सेन्सर लावा आणि पंखे त्यावर चालवा. प्रोसेसरचं तापमान क्षणात उडी मारतं, त्यावर पंखे लावले तर ते सारखे कोकलत राहतात. पाणी सावकाश तापतं. मी ३८ अंशांपर्यंत पंखे अगदी हळू आणि ४५ला पूर्ण ठेवलेत.

## १३. पुढची देखभाल

पहिल्या आठवड्यात टाकीची पातळी बोटभर उतरते, ती राहिलेली हवा असते. वरून भरा. नंतर दर तीन महिन्यांनी रेडिएटरची धूळ ब्लोअरने काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा.

कूलंट वर्षातून एकदा बदला. काढलेलं कूलंट कुंडीत ओतू नका, आणि उघडं तर मुळीच ठेवू नका. बऱ्याच कूलंटमध्ये ग्लायकॉल असतं आणि एथिलीन ग्लायकॉल गोडसर पण विषारी आहे, पोरं आणि मांजरं त्याच्याजवळ जाता कामा नयेत.

भरल्याची तारीख मास्किंग टेपवर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. माझ्या टेपवर तीन तारखा झाल्यात, आणि चौथी लिहायला मी पुन्हा दिवाळीचीच सुट्टी धरलीय. टेबलाचा अर्धा भाग आईकडे आत्ताच मागून ठेवलाय.